कंपनीचा माणूस येणार होता

आमच्या कॉलनीत गेल्या महिन्यात एक हिरवा डबा बसवला. वर मोठ्या अक्षरांत 'ई-कचरा'. जुने मोबाइल, चार्जर, घड्याळातले सेल, सगळं म्हणे त्यात टाकायचं, महिन्यातून एकदा गाडी येऊन घेऊन जाणार. सेक्रेटरीने फीत कापली, फोटो काढले, पेढे वाटले. डब्याला पेढे! एरवी मी याची चार लोकांत यथेच्छ टिंगल केली असती. त्या दिवशी पेढा तसाच हातात धरून घरी आलो आणि बसून राहिलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, किसन आठवला. "कोण किसन?" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे नाव मी तिला सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड नव्हतं, हे खरं कारण.

किसन इंगोले हा वाशीमच्या बाजारातला रेडिओ मेकॅनिक. मी सत्तरच्या दशकात तिथल्या पोस्टात काउंटरवर क्लार्क होतो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि रेडिओला लायसन लागत होतं. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात. हसू देत. पण लायसनचं पुस्तक घेऊन लोक पोस्टात यायचे, आम्ही त्यावर शिक्का मारायचो, आणि मगच त्या माणसाने कायदेशीरपणे बातम्या ऐकायच्या, असा सगळा कारभार होता. किसनही आला होता, स्वतःचं पुस्तक घेऊन. शिक्का मारून दिला तरी खिडकीतून हलेना.

"अजून काय पाहिजे?"

"बाबूजी, पोस्टातल्या बॅटरीचे सेल मेले का?"

मला वाटलं चेष्टा करतोय. मी मुळातच तिरसट, त्यात दुपारची वेळ. म्हटलं, "मेले तर तू काय तेराव्याला येणार आहेस?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. "मेले असले तं फेकू नोका. मले देजा. सेल मरत नाई बाबूजी, सडते." आणि खाकी कापडाची पिशवी माझ्यापुढे उघडून धरली. आत पंचवीस-तीस जुने सेल होते, काही फुगलेले, काहींवर पांढरी बुरशी. मी कपाटातले दोन काढून दिले. बला टळली असं वाटलं. कसली टळते!

दिसायला अगदी साधा. काळासावळा, उंच, जरा वाकलेला, पांढरा पायजमा आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला सदरा. बाह्या दुमडायचं कारण मला नंतर कळलं. हा माणूस दिवसातून दहा वेळा कोपरापर्यंत हात धुवायचा. चहा पुढे आला की आधी उठून नळावर जाणार, साबण लावणार, नखं घासणार, मग येऊन कपाला हात लावणार. तोवर चहाचं पाणी झालेलं. मी म्हणायचो, "अरे, तू सर्जन आहेस का?" तर म्हणायचा, "सर्जन बरा. त्याईच्या हाताले निस्तं रक्त लागते."

त्या काळात ट्रान्झिस्टरचं वेडच लागलं होतं सगळ्यांना. नवरदेव हुंड्यात ट्रान्झिस्टर मागायचे. बैलगाडीच्या साटीला चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर टांगलेला, बैल चाललेत आणि क्रिकेटची कॉमेंट्री चालू. आता चार सेल लागणार म्हणजे चार सेल संपणार. संपले की लोक आधी कौलांवर उन्हात ठेवायचे, जीव येतो म्हणून. मग दगडाने ठोकून बघायचे. आणि खरोखरच मेले की फोडून आतली काळी पूड काढायचे. ती पूड शेणात कालवून भुई सारवली की भुई अशी काळीभोर, गुळगुळीत निघायची की पाहुण्यांनी विचारावं. चुलीमागची भिंत, ओट्याची कड, सगळं त्या पुडीने. शाळेतले फळेसुद्धा. आमच्याकडे घराघरांत हे चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. माझ्या आईनेही केलेलं आहे.

किसनला मात्र वावगं वाटायचं. तो सुट्टीच्या दिवशी सायकल काढून गावोगाव फिरायचा, सेल गोळा करायचा आणि बायांना सांगायचा, याची भुई सारवू नका, यात विष असतं. बाया ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मंग कायनं सारवाव? तू आनून देतं का?" एक तर तोंडावर म्हणाली, "रेडिओ तुमी ऐकता, सेल तुमचे, आन् अक्कल आमाले शिकवून राह्यले!" हे त्याने स्वतःच मला सांगितलं, आणि वर म्हणाला, बाई बोलली ते खरंच हाय.

रिठद हे त्याचं गाव. तिथल्या शाळेत त्याने केलेला पराक्रम तर पोस्टापर्यंत आला. शाळा उघडताना गुरुजी पोरांकडून सेल मागवायचे, पूड करून फळा काळा करायचे. किसन एक दिवस बादली आणि धुण्याचा सोडा घेऊन गेला आणि कुणाला न विचारता फळा धुऊन काढला. हेडमास्तर खडू हातात घेऊन आले तर समोर नुसतं लाकूड.

"अरे बाबा, हे काय करून ठेवलं! आता लिहू कायच्यावर?"

"थांबा गुरुजी. कोळसा दळून आनला." आणि याने डिंक घातलेला कोळसा फासायला सुरुवात केली. वाळेपर्यंत पोरांना सुट्टी. पोरं खूश. दुसऱ्या दिवसापासून फळा पुसला की खडूबरोबर कोळसाही निघायचा. पोरं काळी, गुरुजी काळे, खुर्ची काळी. हेडमास्तर पंधरा दिवसांनी मनीऑर्डर करायला पोस्टात आले तेव्हा त्यांच्या धोतराची कड अजून काळी होती, आणि त्यांनी किसनच्या नावाने जे काही उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मी हसून हसून दमलो. संध्याकाळी त्याच्या दुकानावर मुद्दाम गेलो, त्याला चिडवायला. तो एक रेडिओ उघडून बसला होता. मी म्हटलं, "किसन, तुला वेडबिड लागलंय का? लोक शंभर वर्षं शेणाने सारवताहेत—"

"बाबूजी, शेनात काई नाई. सेलात हाय."

"तुला कोणी सांगितलं?"

त्याने पेचकस खाली ठेवला. मग जे बोलला ते माझ्याकडे न बघता बोलला.

"मले पोरगी होती. छबी. दीड वर्साची. रिठदले रायत होतो तईं. मी रेडिओवाला, माह्या घरी सेलाची कमी नाई. गावात सगळ्यात काळी भुई आमची. लोकं पाहाले येत. शेवंता, माही बायको, हौसेनं सारवे. पोरीले माती खायची सवय होती. सगळ्याच पोराईले असते. भुईचे पोपडे काढे आन् खाय. मंग पोट दुखू लागलं, रगत पडू लागलं. अकोल्याले नेलं. डॉक्टरनं इचारलं, पोर काय खाते? म्हनलं, माती. कोनती माती? मी सांगतलं. तं डॉक्टर म्हने, त्यानंही असू शकते, नसूही शकते."

त्याने पेचकस उचलला, परत खाली ठेवला.

"ते 'असू शकते' माह्या कानातून जात नाई, बाबूजी."

छबी गेल्यावर त्याने रिठद सोडलं आणि वाशीमला हुकमीचंद शेठच्या गुळाच्या गोदामाला लागून दोन खोल्या घेतल्या. पुढे दुकान, मागे घर. आणि सेल जमवायला लागला, का, तर दुसऱ्या कुणाच्या भुईला जाऊ नयेत. पण शेवंताला ते सहन होईना. ज्याने पोर नेलं तेच पोत्यांनी घरात येऊन पडतंय, उशाशी, पायथ्याशी. ती म्हणाली, हे घरात राहतील नाहीतर मी. तो म्हणाला, टाकू कुठं ते सांग, आत्ता टाकतो. तिला सांगता आलं नाही. कुणालाच सांगता आलं नसतं. ती शेलूबाजारला भावाकडे निघून गेली. "घरातून सेल निंघाले का येईन," एवढं म्हणून गेली.

म्हणजे बघा, या माणसाचा सगळा संसार एका प्रश्नावर अडून बसला होता. मेलेला सेल टाकायचा कुठे? आणि हा प्रश्न तो ज्याला विचारी तो हसे. मीसुद्धा.

हुकमीचंद शेठ माणूस चांगला. जैन, मुंगी मारणार नाही. "किसनभाऊ, जीव वाचवाले करून राह्यला ना तू, मंग राहू दे," असं म्हणून त्याने पुष्कळ दिवस काढले. पण सेल पाझरायला लागले. भिंतीतून पांढरा खार गोदामाच्या बाजूला फुटला, गुळाच्या भेल्यांपाशी. शेठ म्हणाला, "मागं पडकी विहीर हाय, तिच्यात टाक सगळं." किसन म्हणाला, "विहिरीतलं पानी कुठं जाते, शेठजी?" शेठने विहिरीचं नाव परत काढलं नाही. मग एक भंगारवाला आला. त्याला सेलाच्या बाहेरचा जस्ताचा पत्रा पाहिजे होता. किसनला वाटलं सुटलो. त्याने सगळी पोती देऊन टाकली आणि त्या दिवशी दुपारीच शेवंताला निरोप पाठवायला पोस्टकार्ड घेऊन गेला. पण मन मानेना म्हणून दुसऱ्या दिवशी सायकलने भंगारवाल्याच्या मागे गेला. बघतो तर नाल्याच्या काठी पत्रे सोलून घेतलेले, काळ्या पुडीचा ढीग तिथेच टाकलेला, आणि बाया घमेली भरभरून ती पूड घरी नेताहेत. आयती मिळाली म्हणून आनंदाने! किसन बैलगाडी करून जेवढी भरता आली तेवढी पूड परत घेऊन आला. कार्ड टाकलंच नाही.

त्यानंतर त्याने ठरवलं की ज्याने सेल बनवला त्यालाच विचारायचं. सेलच्या खोक्यावर कंपनीचा इंग्रजी पत्ता असायचा. किसनला इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, रेडिओच्या भागांवरची वाचून वाचून, पण वाचता यायचं नाही. तो पत्ता चित्र काढल्यासारखा उतरवायचा आणि आत मराठीत लिहायचा. दोनच ओळी. आपले मेलेले सेल माझ्याजवळ आहेत, ते कुठे टाकायचे ते कळवावे. रजिस्टर, पोचपावतीसह. दर दोन-तीन महिन्यांनी. उत्तर कधीच यायचं नाही, पण पोचपावती यायची, आणि ती तो उजेडात धरून बघायचा. पावतीवर घेणाऱ्याची सही असायची. त्या सहीशी त्याची ओळखच झाली होती. एकदा म्हणाला, "बाबूजी, हा नवा मानूस दिसते. पयलेवाला कुठं गेला असन? बिमार तं नसन?" मी म्हटलं, असेल रजेवर. तर खरोखरच त्याला बरं वाटलं. त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचं पत्र येतच नव्हतं.

आणि मग एक दिवस उत्तर आलं.

डाकेच्या बटवड्यात ते लांबट पाकीट मीच पहिल्यांदा पाहिलं. निरोप पाठवला तर किसन दुकान उघडं टाकून पळत आला. पोस्टात त्या दिवशी बाजारामुळे गर्दी होती. त्याने आधी बाहेरच्या नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि मग पाकीट घेतलं. उघडलं आणि माझ्याकडे दिलं. "वाचा."

टाइप केलेलं इंग्रजी पत्र. चार ओळी. आमच्या मालात आपण दाखवलेल्या रुचीबद्दल आभार. आपल्या भागात एजन्सी आधीच दिलेली असल्याने सध्या नवीन एजन्सी देता येत नाही. सोबत नव्या सेलची माहिती. खाली रबरी शिक्क्याची सही. म्हणजे त्याची मराठी पत्रं कुणी वाचलीच नव्हती. एवढी पत्रं पाठवली म्हणजे एजन्सी मागत असेल, असं कुणीतरी ठरवून टाकलं होतं.

मी वर पाहिलं. किसन दोन्ही धुतलेले हात खिडकीच्या फळीवर ठेवून उभा होता. मागे पन्नास माणसं, ओळखीची, याला सेलवाला म्हणून हसणारी. सगळी ऐकायला थांबलेली. मला काय झालं कोण जाणे. मी मोठ्याने वाचलं, "आपले काम चांगले आहे. सेल जमा करून ठेवावेत. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "आरं वा, किसन!"

किसन म्हणाला, "अजून एक डाव वाचा."

आता आली का पंचाईत? मी कागदावर बोट ठेवून, शब्दाशब्दाला थांबत, तेच पुन्हा म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला, हे सांगायची लाज वाटते.

तो सरळ जीपमध्ये बसून शेलूबाजारला गेला. शेवंता म्हणाली, "खोली रिकामी झाली का निरोप धाड. मी येतो." हे त्याने मला परत येऊन सांगितलं आणि रडला. मला वाटलं, बरंच केलं आपण. महिना-दोन महिने जातील, विसरेल. काय पण अक्कल!

तो विसरला नाही. त्याने चहाची लाकडी खोकी आणली, सेल कागदात गुंडाळून ओळीने लावले, खोक्यांवर गावांची नावं लिहिली. भिंतीला चुना दिला. शेठला सांगितलं, आता थोडेच दिवस. शेठने मुदत वाढवली. गावोगावच्या लोकांना कळलं की किसनच्या सेलला कंपनीचा माणूस येणार आहे, तेव्हा ज्या बाया तोंड वाजवत होत्या त्याच पदरात बांधून सेल आणून द्यायला लागल्या. आधी कोपऱ्यात पोती होती तिथे आता खोली भरली. कंपनीचा माणूस मुंबईचा, म्हणजे अकोल्यावरून येणार, म्हणून किसन रोज दुपारी दुकान बंद करून अकोल्याच्या गाडीला स्टँडवर जायचा. रोज. पत्र प्लास्टिकमध्ये घालून सदऱ्याच्या खिशात. मी पोस्टाच्या दारातून त्याला जाताना बघायचो आणि येताना बघायचो. येताना तो मला हात करायचा, आज नाही म्हणून.

वर्ष गेलं. सांगेन सांगेन म्हणत मी एकदाही सांगितलं नाही. हातातला शिक्का आपटत राहिलो. मग माझी अमरावतीला बदली झाली.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानावर गेलो. खोकी दुकानातही आली होती, बसायला जागा नव्हती. मी उभ्यानेच म्हटलं, "किसन, त्या पत्रात तसं काही नव्हतं. मी खोटं वाचलं. त्यांनी लिहिलंय की एजन्सी मिळणार नाही. कुणी येणार नाही."

तो पेच पिळत होता, पिळत राहिला. मग माझ्याकडे पाहून हसला. इतकं मऊ हसला की मला मार खाल्ल्यासारखं झालं.

"बाबूजी, तुमी लय चांगले मानूस हा. मी रोज उन्हात जातो ते तुमाले पाहवत नाई. आता तुमी चालले, मांगं याले कोन पाहीन, म्हनून सांगून राह्यले ना?"

"अरे, नाही रे! खरं सांगतोय. आण ते पत्र, शब्द न् शब्द वाचून दाखवतो."

त्याने खिशावर हात ठेवला. काढलं नाही. "तुमी दोन डाव वाचलं, बाबूजी. सगळ्या पोस्टासमोर. दोनी डाव एकच निंघालं. खोटं कोनी दोन डाव सारखं वाचते का?"

"मग दुसऱ्या कुणाकडून वाचून घे. कॉलेजातला एखादा पोरगा धर."

"कायले? मंग तं तुमच्यावर भरोसा नाई असं व्हईन."

दुपारी त्याने नळावर हात धुतले, माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि मला स्टँडवर सोडायला आला. त्याला तसंही जायचंच होतं. ट्रंक टपावर चढवून खिडकीशी आला.

"तुमची गाडी शेलूबाजारवरून जाते. स्टँडासमोरच शेवंताच्या भावाचं चहाचं हॉटेल हाय, ते तिथंच असते. तिले सांगजा, आता जास्त दिस नाई रायले. तुमच्या तोंडून आयकलं तं तिले पटन. तुमीच वाचलं ना पत्र."

मी मान हलवली. तेवढ्यात अकोल्याची गाडी आली आणि तो तिकडे धावला. दाराशी बाजूला उभा राहून उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होता. एक पँटवाला उतरला, हातात चामडी बॅग. किसन पुढे झाला, दोन्ही हात जोडले, काहीतरी विचारलं. तो माणूस मान हलवून निघून गेला. किसनने एका म्हातारीची मोटली उतरवून दिली आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. आमची गाडी वळली. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही.

शेलूबाजारला गाडी दहा मिनिटं थांबली. समोरच चहाचं हॉटेल होतं. दाराशी एक बाई खाली मान घालून ग्लास विसळत होती. कंडक्टर म्हणाला, चहा घ्यायचा असेल त्यांनी घ्या. सगळे उतरले. तिने एकदा मान वर करून गाडीकडे पाहिलं, सगळ्या खिडक्यांवरून नजर फिरवली आणि परत ग्लास विसळायला लागली.

मी उतरलो नाही.